छोट्या बोटीने सेंट किल्डा : बोट लागणाऱ्यांनी जावं का?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी ठाण्याची, कोलशेतला राहते. मार्चअखेर बँकेतून निवृत्त झाले. हाताशी थोडे पैसे आहेत आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुष्कळ वेळ. भाचा ग्लासगोला असतो. त्याने एका सहलीची माहिती पाठवली आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. जुनी मासेमारीची बोट, आतून नीटनेटकी करून घेतलेली, प्रवासी फक्त बारा. ओबान बंदरातून निघायचं आणि दहा दिवस स्कॉटलंडच्या पश्चिमेची बेटं करत जायचं. स्टॅफा, लुंगा, मिंगुले अशी नावं आहेत, आणि सगळ्यात लांब, अटलांटिकमध्ये एकटंच पडलेलं सेंट किल्डा. त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलंय, 'हवामान अनुकूल असल्यास'.

पक्ष्यांचं वेड मला उशिरा लागलं. सहा-सात वर्षांपूर्वी ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला बोटीने खाडीत गेले होते, तेव्हापासून दर हिवाळ्यात एक फेरी असतेच. पण आपली खाडी म्हणजे परातीतलं पाणी. भर समुद्राचा मला काडीचा अनुभव नाही. ह्यांना तर गायमुखच्या घाटात रिक्षातसुद्धा मळमळतं, आणि गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालतात व्यवस्थित, पण उडी वगैरे मारायची नाही.

तर जाणकारांनी सांगा: बोट किती लागते? उतरताना काय करावं लागतं? आम्ही शाकाहारी, दहा दिवस काय खायचं? बर्ड फ्लूने तिथले पक्षी गेले म्हणतात, मग बघायला उरलंय काय? आणि एवढे पैसे घालून सेंट किल्डा झालंच नाही तर?

टवाळ_नौपाडा

ताई, भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडा. पक्षी भरपूर (कुरव, तुमच्या वेफर्सच्या मागे), इतिहास भरपूर (लाँच स्वतःच). व्हिसा लागत नाही आणि संध्याकाळी घरी येऊन वरणभात.

चीफसाब_सीवूड्स

ताई, मी सपत्नीक दोनदा गेलोय, २०१९ च्या जूनमध्ये आणि २०२४ च्या जूनमध्ये. पहिल्यांदा सेंट किल्डा झालं नाही, दुसऱ्यांदा झालं. त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे दोन्ही बाजूंनी आहे. मोठं लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी स्वतःची फजिती सांगतो. मी बत्तीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, शेवटची काही वर्षं चीफ इंजिनियर. टँकरवर बिस्केचा उपसागर, केपचं वळण, हिवाळ्यातला उत्तर पॅसिफिक सगळं बघितलं. आम्हाला बोट लागत नाही, हे मी लग्नामुंजीत सांगत फिरायचो. ओबानहून निघाल्यावर तिसऱ्या दिवशी, सत्तर-पंच्याहत्तर फुटी बोटीच्या रेलिंगला धरून मी जे काही केलं ते आमच्या हिने शांतपणे बघितलं. मग आवळासुपारीची डबी पुढे करून म्हणाली, "चीफसाब, घ्या."

त्याला कारण आहे. मोठं जहाज डोलतं ते झोपाळ्यासारखं, इकडून तिकडे जायला दहा-पंधरा सेकंद घेतं. शरीराला ते पटकन कळतं. छोटी बोट चार-पाच सेकंदांत इकडची तिकडे होते, शिवाय पुढूनमागून वेगळी आपटते. माझं शरीर पहिल्या तालाला सरावलेलं होतं, दुसऱ्याने घात केला. तेव्हा आधीचा अनुभव नाही म्हणून तुम्ही घाबरू नका. तुमची पाटी कोरी आहे, ते बरंच आहे. ह्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारून अॅव्होमिन घेऊन जा. गोळी नांगर उचलायच्या आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. झोप येते, येऊ दे. आलेपाक खिशात. आणि केबिनमध्ये जाऊन पडण्याचा मोह टाळा. डेकवर मधोमध, मागच्या बाजूला बसा आणि क्षितिजाकडे बघा.

पण दहा दिवसांत खरा उघडा समुद्र लागतो तो दोन-तीन वेळाच. बाकी वेळ बोट बेटांच्या आडोशाने जाते आणि रात्री कुठल्यातरी खाडीत नांगर टाकते. पहिल्या रात्री आम्ही टोबरमोरीला होतो. धक्क्यावर लाल-पिवळी-निळी घरं, पाणी तळ्यासारखं. जूनमध्ये रात्री साडेदहालाही डेकवर पेपर वाचता येतो. हिने तिथे बसून स्वेटरच्या दोन बाह्या पुऱ्या केल्या.

बाराच प्रवासी का, हे मी लगेच विचारलं (जुनी खोड). ब्रिटनमध्ये बाराच्या वर प्रवासी घेतले की बोट प्रवासी जहाज ठरते आणि नियमांचं पुस्तक एकदम जाड होतं. म्हणून या सगळ्या छोट्या बोटी बारावर थांबतात. आमच्या बोटीला जुनं गार्डनर इंजिन होतं. मंद, टुक-टुक आवाजाचं, शेतावरच्या डिझेल पंपाची आठवण करून देणारं. त्याच्याविषयी मी दोन पानं लिहू शकतो, लिहीत नाही.

आता २०१९. लुंगाला पफिन (रंगीत चोचीचे छोटे समुद्रपक्षी) बघितले. फोटोंवरून मला वाटलं होतं बदकाएवढा असेल. प्रत्यक्षात आपल्या पारव्यापेक्षाही ठेंगणा निघाला. माणसं जवळ बसली की कुरव लांब राहतात, त्यामुळे पफिन उलट आपल्याजवळच उतरतात असं तिथले लोक सांगतात. काय असेल ते असो, एक माझ्या बुटापासून दोन हातांवर येऊन उभा राहिला, चोचीत चांदीच्या तारांसारखे मासे आडवे धरून. मग बिळात शिरला. स्टॅफाला बेसॉल्टचे खांब बघितले, षटकोनी, एकाला एक लावून रचल्यासारखे, आणि त्यांच्यात समुद्राने कोरलेली फिंगलची गुहा. बरोबरची इंग्रज मंडळी अवाक झाली होती. आमची ही म्हणाली, "अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखंच की." खरंच तसंच आहे. तोच लाव्हा, तसाच थंड होताना तडकलेला. आपल्याकडे त्याच्याभोवती इमारती आहेत, तिथे लाटा.

पाचव्या संध्याकाळी कप्तानाने जेवणाच्या टेबलावर चार्ट पसरला. पश्चिमेचा जोराचा वारा येतोय, सेंट किल्डा रद्द. बारा जणांचे चेहरे पडले. एक आजोबा तिसऱ्यांदा आले होते आणि तिसऱ्यांदा हेच ऐकत होते. ते उठले आणि स्वतःसाठी आणखी पुडिंग घेऊन आले.

कप्तानाने बोट दक्षिणेला वळवली ती मिंगुलेकडे. बेटाची वाळूची खाडी पूर्वेला आहे, म्हणजे वाऱ्याकडे पाठ. पुळणीवर करड्या सीलांची रांग होती, आम्ही उतरताना सगळे पाण्यात सरकले आणि डोकी वर काढून आम्हालाच बघत राहिले. मागे ओसाड गाव. लोकांनी १९१२ पर्यंत हे बेट सोडलं, निम्मी घरं आता वाळूत बुडालीत. गवतातून चढत आम्ही पश्चिमेच्या कड्यापर्यंत गेलो. दोनशे मीटरहून खोल सरळ तुटलेला कडा, आणि खालून वर येणारा वारा इतका जोरात की टोपी खाली टाकली असती तर वर आली असती. फुलमार नावाचे पक्षी त्या वाऱ्यावर डोळ्यांच्या पातळीत तरंगत होते, एकदाही पंख न हलवता. त्यातला एक मान वळवून माझ्याकडे बघत बघत गेला. ही तिथे पालथी झोपून दोन तास खाली दुर्बीण लावून होती. नंतर पावसात आम्ही शियंट बेटांनाही गेलो. दोन्ही सहली झाल्यावर आजही तिला विचारा, सगळ्यात चांगला दिवस कोणता? ती मिंगुले म्हणते. सेंट किल्डा म्हणत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: माहितीपत्रक बघताना सेंट किल्डाचा फोटो बोटाने झाका आणि उरलेल्या बेटांसाठी एवढे पैसे मोजाल का ते स्वतःला विचारा. उत्तर हो असेल तरच बुक करा. बोटवाल्यांना दोन प्रश्न कळवा. गेल्या हंगामातल्या किती फेऱ्या तिथवर पोचल्या, आणि ज्या पोचल्या नाहीत त्यांनी त्या दिवसांत काय केलं? दुसऱ्या प्रश्नाला जो कप्तान हौसेने लांब उत्तर देईल, त्याची बोट घ्या. 'आम्ही सहसा पोचतोच' म्हणणारा नको. मी अशा माणसांबरोबर नोकरी केलेली आहे.

२०२४ चं उद्या लिहितो. डोळे दुखले.

खाडीकाठ

चीफसाहेब, चहा दोनदा झाला. ह्यांनाही वाचून दाखवलं. आवळासुपारीपर्यंत ते हसत होते, चार-पाच सेकंदांचं ऐकून गप्प झाले. उद्याची वाट बघते. गुडघ्याचं आणि खाण्याचं विसरू नका. आणि संडासाचंही सांगा, बायकांना तो प्रश्न आधी पडतो.

सुरय_वाशी

बर्ड फ्लूबद्दल मी लिहितो. तिथे गेलेलो नाही, पण समुद्रपक्ष्यांचं वाचन आहे.

पक्षी गेले हे खरं नाही आणि काही झालं नाही हेही खरं नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात त्या साथीने सगळ्यात मोठा घाव घातला तो ग्रेट स्कुआवर. हा तपकिरी, दांडगा, दुसऱ्यांच्या तोंडचा घास पळवणारा पक्षी. नंतरच्या मोजणीत ब्रिटनमधले त्याचे तीन-चतुर्थांश पक्षी कमी भरले, आणि जगातले बहुतेक ग्रेट स्कुआ वीण घालायला स्कॉटलंडमध्येच येतात, म्हणजे हिशोब करा. गॅनेट या मोठ्या पांढऱ्या समुद्रपक्ष्यालाही फटका बसला. बास रॉक या त्यांच्या तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या वसाहतीत वाचलेल्या काही गॅनेटांचे डोळे काळे झालेले आढळले. एरवी त्यांचं बुबुळ फिकट निळं असतं. आजार होऊन गेल्याची खूणच ती. पफिनच्या वाट्याला ही साथ तेवढी आली नाही.

जायचं तर मे अखेर ते जुलैचा मध्य. पफिन एप्रिलमध्ये जमिनीवर येतात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला निघून जातात, एका दिवशी आहेत, चार दिवसांनी बिळं रिकामी. ऑगस्टात स्वस्त तिकीट मिळालं म्हणून गेलात तर गॅनेट भेटतील, पफिन नाही. बिळांच्या गवतावरून चालू नका, वरची माती पोकळ असते, पायाखाली ढासळते आणि आत एकुलतं एक पिल्लू असतं.

आता आपल्याकडचं, कारण टवाळभाऊंनी विषय काढलाच आहे. वेंगुर्ल्यासमोरचे बर्न्ट आयलंडचे खडक आहेत, दीपगृह आहे, गुहांत पाकोळ्यांची घरटी आहेत आणि सुरयांची वीणही होते. पण वीण भर पावसाळ्यात, तेव्हा तिकडे बोट घालणं शहाणपणाचं नाही, आणि घरट्यांना त्रास नको म्हणून एरवीही उतरू नये. लक्षद्वीपला कवरत्तीजवळ पिट्टी नावाचा वाळूचा ठिपका आहे, तिथे सुरय आणि नॉडी हजारोंनी असतात. तेही परमिटचं काम. बाकी मुंबईकरांना भर समुद्रातले पक्षी घरपोच मिळतात ते जुलैच्या वादळात, थकून किनाऱ्यावर पडलेले. मास्क्ड बूबी असा सापडतो, तो गॅनेटचाच चुलतभाऊ. कधी दिसला तर समुद्रात परत ढकलू नका, खोक्यात ठेवून वनखात्याला फोन करा.

चीफसाब_सीवूड्स

सुरय, स्कुआचं अगदी बरोबर. २०१९ ला ते आमच्या डोक्यावर झेपावत होते, कप्तानाने काठी उंच धरायला सांगितली होती. २०२४ ला त्याच माळावर दोन दिसले. काठी धरायची गरजच पडली नाही. हिने वहीत '२' लिहून पुढे बराच वेळ काही लिहिलं नाही.

तर २०२४. या वेळी अटलांटिक शांत होता. शांत म्हणजे त्यांच्या भाषेत शांत. हॅरिसच्या सामुद्रधुनीतून, खडकांमधून वाट काढत पहाटे बाहेर पडलो. आठ नॉटचा वेग, पोचायला सहा-सात तास. निम्म्या वाटेवर समोर ढगाचा एक पुंजका दिसतो, बाकी आकाश मोकळं. त्या ढगाखाली बेट आहे हे सांगावं लागतं. मग त्यातून कडे खाली उतरायला लागतात. मुख्य बेट हिर्टा, त्याचा सर्वांत उंच कडा सव्वाचारशे मीटरच्या आसपास. आपल्या सह्याद्रीतला एखादा मोठा कडा उचलून थेट समुद्रात उभा केला तर कसा दिसेल, तसं.

उतरण्याआधी तासभर एकच कार्यक्रम: पिशव्या उलट्या करून झटकायच्या, बुटांचे तळ घासायचे, जंतुनाशकात बुडवायचे. त्यांना साथीची भीती आहेच, पण त्याहून मोठी भीती उंदराची. एक गाभण घूस बेटावर गेली तर जमिनीतली सगळी घरटी संपली. मी वर शियंट बेटांचं नाव घेतलं ना, तिथे जहाजांतून आलेले काळे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या राहिले होते. मोठी मोहीम काढून ते संपवले आणि २०१८ मध्ये बेटं उंदीरमुक्त जाहीर केली. बत्तीस वर्षं बंदरांत दोरखंडावर रॅट गार्ड लावताना मी ते नियम म्हणून लावले. ते कशासाठी असतात हे मला इथे कळलं.

धक्क्यावर नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडची (बेट सांभाळणारी संस्था) रेंजर मुलगी भेटते, काय करायचं काय नाही सांगते, आणि मग तुम्ही मोकळे. समोर चंद्रकोरीसारखी एकच गल्ली. सोळा घरं, १८६० च्या सुमाराला बांधलेली. काहींवर छप्पर परत घातलंय, बाकी नुसत्या भिंती. आत चुलीच्या जागी स्लेटची लहानशी पाटी, तिथे शेवटी कोण राहत होतं त्याचं नाव. २९ ऑगस्ट १९३० ला शेवटची छत्तीस माणसं 'हेअरबेल' जहाजात बसून गेली. तरुण आधीच जात होते, उरलेल्यांना पुढचा हिवाळा झेपणार नव्हता, त्यांनीच सरकारला अर्ज केला होता की आम्हाला इथून न्या. जाताना प्रत्येक घरात बायबल उघडं ठेवलं आणि ओटचे थोडे दाणे ठेवले असं सांगतात.

इथे मी जरा बसलो. माझी आई कोयनेच्या बुडीत गावातली. तिच्या गावाने अर्ज केला नव्हता, तिथे नोटीस आली होती. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसतो म्हणे, ती कधी बघायला गेली नाही. मी त्या गल्लीतल्या एका पाटीसमोर उभा होतो आणि मला तिच्या घराचा नंबर काय असेल हा प्रश्न पडला. तिच्या घराला नंबर नव्हताच. असो.

गावाभोवती डोंगरावर सगळीकडे दगडी कोठारं आहेत, क्लेट म्हणतात. उलट्या होडीएवढी, डोक्यावर गवताची माती. हिर्टावरच हजाराच्या वर. भिंतीत मुद्दाम फटी ठेवल्यात, वारा आरपार जातो आणि पाऊस आत येत नाही. त्यात हे लोक पक्षी सुकवून ठेवायचे. आपल्या कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील सुकतात, तिथे ऊन नाही म्हणून ही युक्ती. त्यांचं सगळं पक्ष्यांवर होतं: मांस, अंडी, दिव्याला फुलमारचं तेल, आणि जमीनदाराला खंड म्हणून पिसं. शेती नावाला. सकाळी पुरुष गल्लीत जमून आज काय करायचं ते ठरवत, त्याला बाहेरचे लोक गमतीने पार्लमेंट म्हणत. आमच्या सोसायटीची सभा आठवली, फक्त त्यांच्या सभेनंतर काम होत असे.

एका क्लेटच्या दगडावर एवढासा रेन पक्षी बसून केवढ्या मोठ्याने गात होता. तो फक्त तिथलाच, मुख्य भूमीवरच्या रेनपेक्षा थोडा मोठा. आणि मागे, या सगळ्याच्या मध्यात, लष्कराचा तळ. क्षेपणास्त्र चाचण्यांचं रडार आहे १९५७ पासून. माहितीपत्रकातल्या फोटोत तो कधीच येत नाही. मला त्याचा त्रास झाला नाही, त्यांच्या जनरेटरचा आवाज ओळखीचा होता.

रात्री तिथेच नांगर टाकायचा बेत होता. अंधार पडल्यावर लीचचे पेट्रेल नावाचे छोटे समुद्रपक्षी जमिनीवर येतात, ते ऐकायला ही आली होती. चार तास झाले आणि बोटीचा भोंगा वाजला, तीनदा. वारा आग्नेयेला फिरत होता. गावाची खाडी नेमकी आग्नेयेलाच तोंड करून आहे. पहिल्या वेळी पश्चिमेच्या वाऱ्याने जाऊ दिलं नाही, या वेळी आग्नेयेच्या वाऱ्याने राहू दिलं नाही. वीस मिनिटांत सगळे बोटीवर. कप्तानाशी कुणी वाद घातला नाही. घालू नये.

निघताना त्याने बोरेरे बेटाच्या सुळक्यांमधून बोट नेली. स्टॅक ली लांबून चुना लावल्यासारखा पांढरा दिसतो. जवळ गेल्यावर कळतं, तो पांढरा रंग म्हणजे बसलेले गॅनेट आणि त्यांची विष्ठा. वास आधी येतो, मग आवाज, मग आकाश हलायला लागतं. सहा फुटी पंखांचे पक्षी, साथीआधीच्या मोजणीत या बेटांवर मिळून साठेक हजार जोड्या. ते उंचावरून पंख मागे दुमडून बाणासारखे पाण्यात घुसतात. शेजारचा स्टॅक ॲन आर्मिन १९६ मीटर, नुसता खडक. १७२७ मध्ये तीन पुरुष आणि आठ मुलगे तिथे पक्षी धरायला उतरवले होते. मागे गावात देवीची साथ आली, त्यांना आणायला होडी वल्हवणारे हातच उरले नाहीत. ती अकरा माणसं नऊ महिने त्या खडकावर राहिली, सगळी जगली. आम्ही गरम सूप पीत हे ऐकत होतो. सूप खाली ठेवलं मी.

आता ताईंचे प्रश्न. खाणं: बुकिंगच्या वेळीच 'अंडंही नाही' वगैरे स्पष्ट कळवा. सूप, बटाटे, चीज, ताजा पाव रोज मिळतो. चार दिवसांनी जीभ रुसते. मेतकूट, लसणीची चटणी, लिंबाचं लोणचं न्या. दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेऊ देत नाहीत, त्यामुळे पेढे-बर्फी नाही. कप्तानाला आमची लसणीची चटणी इतकी आवडली की त्याने ती चीजवर घालून खाल्ली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

संडास: हाताने पंप मारायचा असतो. कागद आत टाकायचा नाही. टाकलात तर बाराही जणांना कळतं कोणी टाकला. एवढं पाळलं की काही त्रास नाही.

गुडघा: हा खरा मुद्दा. बेटांवर बहुतेक ठिकाणी धक्का नाही. बोटीच्या कडेच्या शिडीने रबरी डिंगीत उतरायचं, डिंगीतून ओल्या खडकावर. उडी कधीच मारायची नाही. लाट डिंगीला वर आणते, ती सगळ्यात वर आली की नुसतं पाऊल टाकायचं. खलाशी हात धरत नाहीत, मनगट धरतात आणि तुम्हीही त्याचं मनगट धरायचं, ओली बोटं निसटतात पण अशी पकड सुटत नाही. आपल्या टवाळने विनोद केला, पण ताई, तुम्ही दोघं खरंच रेवसच्या लाँचने एकदा जाऊन या. ओहोटीच्या वेळी धक्क्यावर उतरताना ह्यांचा गुडघा काय म्हणतो ते बघा. तो गप्प राहिला तर डॉक्टरांना विचारून बोटवाल्यांना मोकळेपणाने कळवा. लपवू नका. आणि विमा घेताना हेलिकॉप्टरने उचलून आणण्याचा खर्च त्यात धरलाय ना, ते वाचून घ्या. तिथून इस्पितळ रिक्षाच्या अंतरावर नाही.

टवाळ_नौपाडा

माझ्या विनोदाचा अभ्यासक्रम झाला. चीफसाब, गार्डनर इंजिनावरची दोन पानं वेगळा धागा काढून लिहाच.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. अहवाल देते.

रविवारी रेवसला गेलो. सकाळी जाताना भरती होती, काही कळलंच नाही. येताना ओहोटी. धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या आणि लाँच हातभर खाली-वर. लाँचवाल्याने ह्यांचं मनगट धरलं नाही, सरळ दंड धरून ओढलं आणि म्हणाला, "काका, विचार करू नका." गुडघा काही बोलला नाही. मळमळ झाली ती परतीच्या गाडीत, ऐरोलीच्या पुलावर.

फोटो झाकण्याची परीक्षाही घेतली. मिंगुले उरलं, लुंगा उरलं, टोबरमोरीची घरं उरली. दोन बोटवाल्यांना ते दोन प्रश्न पाठवले. एकाचं उत्तर तीन ओळींचं आलं. दुसऱ्याने दीड पान लिहिलंय, त्यात एका पावसाळी दुपारी कुठल्याशा खाडीत पाणमांजर दिसल्याचंच अर्धं पान आहे. त्याच्याकडे पुढच्या जूनच्या दोन जागा आहेत, इंजिनाला लागून असलेली केबिन. आवाज येतो असं त्याने स्वतःच लिहिलंय. चीफसाब, ही केबिन घ्यावी का?

चीफसाब_सीवूड्स

इंजिन कुठल्या कंपनीचं आहे ते विचारून कळवा, मग सांगतो.